जुन्या मोटारीचे नट पुन्हा पुन्हा सैल होतात? सेल्फ-लॉकिंग नट लावण्याआधी एवढं तपासा

१९३९ च्या आधीची मोटार ज्याच्या दारात आहे, त्याची ही तक्रार कायमची: "नट चांगला आवळला होता, दोन रविवार गाडी फिरवली, परत सैल." आणि लगेच पुढचा प्रश्न: "सगळीकडे नायलॉक लावून टाकू का?" ऑस्टिन सेव्हन असो, फोर्ड मॉडेल टी असो की मॉरिस, माझ्याकडे गाडी येते ती हाच प्रश्न घेऊन. नायलॉक म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला सेल्फ-लॉकिंग नट. सगळीकडे तर तो नकोच. काही ठिकाणी मात्र नायलॉकसारखी दुसरी सोय नाही, आणि काही ठिकाणी तो लावणं म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे.

मुळात सेल्फ-लॉकिंग नटाचं काम समजून घ्या. तो नटाला फिरू देत नाही, फार तर गळून पडू देत नाही. सांधा आवळून धरण्याचं काम त्याचं नाही. ते ताणलेल्या बोल्टचं काम आहे. बोल्टमधला ताणच गेला असेल, तर नट जागेवर राहील आणि सांधा आत खुळखुळत राहील. वर तुम्हाला वाटेल की दुरुस्ती झाली.

लक्षणं

ठरावीक एकच नट सैल होतो, शेजारचे तिन्ही जागेवर असतात.

वॉशरच्या कडेने विटकरी रंगाची बारीक पूड जमते. तेलकट जागी तिचा गेरूसारखा लेप होतो. लोखंडावर लोखंड घासल्याची ही खूण. ती दिसली की समजायचं, सांधा बरेच दिवस हलतो आहे.

स्प्रिंग वॉशर तुटलेला निघतो, किंवा त्याची एक बाजू आरशासारखी चकचकीत झालेली असते.

ब्रेक लावताना किंवा रिव्हर्स घेताना एकदाच "खट्" होतं, मग आवाज नाही.

नट घट्ट लागतो, पण बोल्ट बाहेर काढला की त्याला मधोमध कंबर पडलेली दिसते.

आधी लावलेला नायलॉक बोटांनी शेवटपर्यंत फिरतो.

यातलं काहीही स्टिअरिंग, ब्रेक, चाकाचा हब किंवा प्रोपेलर शाफ्टवर दिसलं, तर "एक चक्कर मारून बघू" म्हणू नका. गाडी उभी करा आणि थेट शेवटच्या भागाकडे या. बाकीच्यांनी क्रमाने जायचं, कारण खालचा क्रम कमी खर्च-कष्टाकडून जास्तीकडे जातो.

१. रंगाची रेघ

नट, बोल्टचं टोक आणि खालची पट्टी पेट्रोलच्या फडक्याने पुसा. नट नेहमीसारखा आवळा आणि तिन्हींवरून सलग जाईल अशी बारीक रेघ ओढा. नेलपॉलिश उत्तम. ५०-६० किलोमीटर गाडी चालवून परत बघा.

रेघ तुटली असेल, तर नट खरोखर फिरतो आहे. रेघ सलग आहे आणि तरीही पाना सहज फिरतो, तर नट जागचा हललेलाच नाही. सांधा बसला आहे, बोल्ट ताणला गेला आहे किंवा मधलं काहीतरी दबलं आहे. या दुसऱ्या प्रकारात जगातला कोणताही सेल्फ-लॉकिंग नट उपयोगाचा नाही. ही तपासणी जवळपास फुकट आहे आणि निम्मे लोक ती करत नाहीत.

२. नटाखाली काय आहे?

नव्याने रिस्टोर केलेल्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच: रंग. चासिस, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, ब्रॅकेट सगळं सुंदर पावडर कोट करून आणतात आणि त्याच थरावर नट बसवतात. आता हिशेब बघा. १० मिलिमीटर जाडीचा सांधा मध्यम ताकदीच्या बोल्टने आवळला, तर बोल्ट ताणला जातो जेमतेम १० ते १५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सांध्याची सगळी पकड त्या ताणात आहे. पावडर कोटिंगचा एकेक थर मात्र ६० ते १०० मायक्रॉन असतो, आणि सांध्यात असे दोन-तीन थर सहज येतात. उन्हात तापून, दाबाखाली त्यातला दहावा हिस्सा जरी दबला, तरी बोल्टचा ताण संपला. नट एक अंशही फिरलेला नसतो.

उपाय सोपा आहे. नट आणि वॉशर जिथे टेकतात तेवढ्या गोलातला आणि दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात तिथला रंग खरवडून काढा. गंजू नये म्हणून प्रायमरचा पातळ हात पुरे. गाडी प्रदर्शनात ठेवायची असेल तर बाहेरून टचअप करा, कोणाला कळत नाही.

दबणाऱ्या दुसऱ्या गोष्टी म्हणजे कॉर्कचं गॅस्केट, रबराची गादी आणि बॉडीची लाकडी चौकट. त्या काळच्या बऱ्याच बॉड्यांचा सांगाडा लाकडी आहे, आणि आपल्याकडे पावसाळ्यात फुगलेलं लाकूड एप्रिल-मेमध्ये आकसतं. लाकडावरच्या बोल्टला मोठा, जाड वॉशर हवाच. पाट्यांचे यू-बोल्टही याच जातीचे. पाटे खोलून परत बसवले की पानं एकमेकांवर बसायला वेळ घेतात, म्हणून पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ते पुन्हा आवळायचेच असतात. त्याला बिघाड म्हणत नाहीत.

३. आटे जुळतात का?

थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पट्टी, विकत घ्या. महाग नाही आणि पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे.

जुन्या ब्रिटिश गाडीवर व्हिटवर्थ (जाड) आणि बीएसएफ (बारीक) आटे असतात. त्यांचा कोन ५५ अंश. अमेरिकी आट्यांचा आणि मेट्रिकचा कोन ६० अंश. अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची (एक सूत म्हणजे १/८ इंच) बीएसएफ बोल्टला इंचात २२ आटे, तर त्याच मापाच्या यूएनएफला, म्हणजे अमेरिकी बारीक आट्याला, २४. हे चुकून एकमेकांवर चढवले तर दोन-तीन फेऱ्यांत अडकतात, म्हणजे चूक निदान कळते तरी.

घोळ होतो तो न अडकणाऱ्या जोड्यांत. दोन सुती व्हिटवर्थला इंचात २० आटे, यूएनसीलाही, म्हणजे अमेरिकी जाड आट्यालाही, २०. अडीच सुतीला दोन्हीकडे १८, तीन सुतीला दोन्हीकडे १६. नट गोडीने चढतो, पण कोन वेगळा असल्यामुळे आट्याची पूर्ण बाजू टेकत नाही. भार एका बारीक कडेवर येतो, ती कड दबते आणि पकड जाते. आवळताना सगळं ठीक वाटतं, आठवड्याने सैल. चार सुतीला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३, तिथे फसगत होत नाही.

दुकानदार काउंटरवर हमखास जे करतो ते वेगळंच: अडीच सुती बोल्टवर ८ मिलिमीटरचा मेट्रिक नट. "बसतोय की!" बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, त्यामुळे दोन-चार आटे बसतो खरा. पण पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळा आहे, पुढे तो आटे खात जातो.

मॉरिसवाल्यांनी आणखी सावध राहावं. पहिल्या महायुद्धानंतरच्या 'बुलनोज' मॉरिसचं इंजिन कॉव्हेंट्रीच्या हॉचकिस कारखान्यात बनायचं आणि तिथली यंत्रं फ्रेंच मापाची होती. १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखाना विकत घेतला तरी आटे मेट्रिकच राहिले. बोल्टचं डोकं मात्र व्हिटवर्थ पान्याला बसणारं. पाना बसला म्हणून आटेही इंचीच असतील असं धरून चालाल, तर इंजिनाच्या ब्लॉकमधले आटे घालवाल.

पान्याचंही तेच. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेलं माप बोल्टच्या जाडीचं असतं, डोक्याच्या रुंदीचं नव्हे. मेट्रिक पाना जवळपास बसतो, जोर लावला की घसरतो, आणि मग माणूस नकळत हात राखून आवळतो. कोपरे गोल झालेले नट दिसले की ते कमी आवळले गेलेत असंच मी समजतो.

४. लॉक करण्याची आधीची तऱ्हा

स्प्रिंग वॉशरवर आपल्या गॅरेजांची फार श्रद्धा. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनियरने १९६९ मध्ये दाखवून दिलं की नट उलटा फिरतो तो मुख्यतः सांधा आडवा सरकल्यामुळे. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणारे हादरे त्यामानाने कमी नुकसान करतात. स्प्रिंग वॉशर तर बोल्ट पुरता आवळण्याच्या कितीतरी आधी सपाट होतो आणि त्यापुढे तो साधा वॉशर उरतो. दोन स्प्रिंग वॉशर एकावर एक घातलेले दिसले, तर आधीचा फिटरही याच नटाशी झगडत होता एवढंच कळतं.

चेकनट, म्हणजे एकावर एक आवळलेले दोन नट, असतील तर क्रम बघा. पातळ नट खाली, सांध्याकडे, आणि जाड नट वर. दहापैकी आठ ठिकाणी उलटं सापडतं, कारण ते दिसायला बरं दिसतं. वरचा नट आवळला की भार त्याच्यावर येतो, म्हणून जाड तो हवा.

टॅब वॉशरचा, म्हणजे नटाच्या कडेला वाकवायचा कान असलेल्या वॉशरचा, कान एकदाच वाकवायचा. सरळ करून पुन्हा वाकवलेला कान तडकतो, आणि बिग-एंडजवळ (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाजवळ) असेल तर त्याचा तुकडा थेट संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, जातो.

वर खाचा असलेला कॅसल नट आणि त्या खाचेतून बोल्टच्या भोकात जाणारी कॉटर पिन हे जुन्या मोटारींचं खरं कुलूप. इथे एकच चूक सगळीकडे होते: भोक आणि खाच जुळत नाही म्हणून नट किंचित मागे फिरवतात. मागे फिरवला की ताण गेलाच. पुढे फिरवून जुळत असेल आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) मर्यादेत राहत असेल तर पुढे घ्या. नाहीतर वॉशर बदला किंवा नटाची खालची बाजू सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा. पिन दर वेळी नवी, भोकात घट्ट जाईल अशा जाडीची. खिळा किंवा तारेचा तुकडा चालत नाही.

५. चाकं: डावं-उजवं

रज-व्हिटवर्थ पद्धतीची, मध्ये एकच मोठा नट असलेली तारेची चाकं असतील तर ही तपासणी वर घ्या. या पद्धतीत भाराखाली हब नटाच्या शंकूत किंचित घरंगळतो आणि प्रत्येक फेरीला नटाला तीळभर ढकलतो. ढकल आवळण्याच्या दिशेने जावी म्हणून गाडीच्या डाव्या बाजूला नेहमीचे उजवे आटे, आणि उजव्या बाजूला उलटे. म्हणजे ही १०० वर्षांपूर्वीची सेल्फ-लॉकिंग योजनाच झाली. एक्सल खोलताना हब डावी-उजवीकडे अदलाबदल झाले, तर तीच योजना नट उघडायला लागते, आणि हातोड्याने कितीही ठोकला तरी थांबत नाही.

नटबोल्टने बसणाऱ्या चाकांचा हिशेब उलटा असतो. १९४७ पासून कुर्ल्याला प्रीमियरमध्ये जोडल्या गेलेल्या डॉज-प्लिमथ ज्यांच्याकडे आहेत त्यांना माहीत असेल, तिथे उलटे आटे डाव्या चाकांना असतात. स्टडच्या (चाकाच्या बोल्टच्या) टोकावर 'एल' बघा आणि मगच लांब पाइप घालून जोर लावा.

फोर्ड मॉडेल टीच्या मागच्या हबचं वेगळं सांगायला हवं. तिथे हब एक्सलच्या निमुळत्या टोकावर चावीने (लोखंडी पाचरीने) बसतो, वर कॅसल नट आणि पिन. हब निमुळत्या भागावर बसत जातो आणि नट मोकळा पडतो, म्हणून थोडं चालवून पुन्हा आवळावं लागतं. ते राहिलं तर चावी तुटते. टीचा पायाचा ब्रेक गिअरबॉक्सवर लागतो, चाकांवर नाही. एका बाजूची चावी तुटली की डिफरन्शियलमुळे तो एक्सल मोकळा फिरतो आणि पायाचा ब्रेक दोन्ही चाकांवरून जातो. हातात उरतो फक्त हँडब्रेक. तेव्हा "नायलॉक लावला, आता बघायला नको" हा विचार इथे जिवावर बेतणारा आहे. कॅसल नट ठेवा आणि बघत राहा.

६. आता सेल्फ-लॉकिंग नट

वरचं सगळं ठीक आहे, रेघ तुटलेली आहे आणि नट खरंच फिरतो, मग इथे या.

त्या काळच्या गाड्यांवर हे नट कंपनीतून येतच नव्हते. आत फायबरचं कडं असलेले नट १९३० च्या दशकात विमानांतून पुढे आले. इंग्लंडात सिमंड्सचा नट गाजला. नायलॉनचं कडं त्यानंतरचं. म्हणून १९२४ च्या गाडीवर समोर निळं-पांढरं कडं दिसलं की जाणकाराच्या कपाळाला आठी पडते. माझं मत: चासिसच्या आतल्या बाजूला, जिथे नजर जात नाही, तिथे आठीपेक्षा सुरक्षितता महत्त्वाची.

नायलॉन कड्याचा नट कुठे उत्तम? जिथे मुळात जोरात आवळायचंच नाही तिथे. लाकडी बॉडी आणि चासिसचे बोल्ट, रबराच्या गादीवरचा रेडिएटर, रनिंग बोर्ड, मडगार्डचे टेकू, दिव्यांचे ब्रॅकेट. साधा नट लाकूड चिरडल्याशिवाय टिकत नाही. नायलॉक मात्र अर्धवट आवळूनही जिथे ठेवाल तिथे राहतो. डायनॅमोच्या पट्टीलाही चालतो.

कुठे नको? नायलॉन साधारण १२० अंश सेल्सियसच्या पुढे भरवशाचं नाही, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरची फ्लँज बाद. तिथे पितळी नट किंवा तांब्याचा मुलामा दिलेले पूर्ण धातूचे लॉकनट. कॉटर पिनचं भोक असलेल्या बोल्टवरही नको, कारण भोकाची धार जाता-येता कडं कापते. विमानांच्या देखभालीतली आणखी एक जुनी शिस्त इथे घ्यावी: नट किंवा बोल्ट स्वतःच फिरेल अशा सांध्यावर, म्हणजे ब्रेकच्या दांड्यांचे पिव्हट किंवा स्टिअरिंगची जोडणी, फक्त घर्षणावर धरणारा नट लावायचा नाही. तिथे पिनच.

पूर्ण धातूचा लॉकनट उष्णता सोसतो, पण त्याचा दाबलेला भाग जुन्या मऊ बोल्टचे आटे ओरबाडतो. तो घ्यायचा तर बोल्टही नवा.

नट पारखायची माझी पद्धत अशी. नवा बोल्ट शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा, काहीही न आवळता नट कड्यातून पार होईपर्यंत चढवा. आता पान्याच्या टोकाला वजनाचा स्प्रिंग काटा अडकवून ओढा आणि नट फिरू लागतो तेव्हाचं वजन लिहून ठेवा. काढा, परत चढवा, असं चार-पाच वेळा. वजन थोडं उतरणारच. पहिल्या आकड्याच्या निम्म्याखाली गेलं, तर तो माल घेऊ नका. मग तोच नट गाडीवरच्या जुन्या बोल्टवर चढवा. तिथे काटा फारसा हललाच नाही, तर बोल्टचे आटे झिजलेत, नटाला दोष देऊ नका. बोटांनी फिरणारा नायलॉक सरळ भंगारात.

नायलॉक साध्या नटापेक्षा उंच असतो हे विसरू नका. मूळ बोल्ट आखूड पडतो आणि टोक कड्यापर्यंत पोचतच नाही. नटाच्या बाहेर किमान एक, शक्यतो दोन आटे दिसले पाहिजेत. लांब बोल्ट आणताना डोक्यापर्यंत आटे असलेला आणू नका. भोकात गुळगुळीत दांडा हवा, नाहीतर आटे भोक कानशीसारखं घासतात.

मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात मिळणारे नायलॉक बहुतेक मेट्रिक किंवा यूएनएफ असतात. बीएसएफचे इंग्लंडहून मागवावे लागतात. "जरा ठोकून बसवू" हा पर्याय नाही.

आटे चिकटवणारं लॉकिंग द्रव हाही एक मार्ग आहे. हवा नसताना, धातूच्या सान्निध्यात घट्ट होणारं हे द्रव अमेरिकेत व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये तयार केलं. मध्यम ताकदीचंच वापरा. जास्त ताकदीचं सोडवायला सुमारे २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि लाकडी चाक किंवा पेट्रोलच्या टाकीशेजारी ते करणार कसं? वर्षानुवर्षं तेल प्यायलेले आटे आधी नीट धुतल्याशिवाय ते पकडत नाही.

७. भोक आणि दांडा

एवढं करून रेघ पुन्हा तुटली, तर सांधा आडवा सरकतो आहे. बोल्ट काढा आणि कॅलिपरने दांडा दोन-तीन जागी मोजा. भोकात नवा बोल्ट घालून हलवून बघा. भोक अंडाकृती झालं असेल, तर ते रीमर (भोक नेमक्या मापाचं गोल करणारं हत्यार) मारून मोठं करायचं आणि त्यात नेमका बसणारा बोल्ट लेथवर बनवून घ्यायचा. नुसतं ड्रिल चालवलं तर भोक वाकडंच मोठं होतं. टर्नर ओळखीचा हवा, आणि त्याच्याकडे बीएसएफची डाय (आटे पाडायचं हत्यार) आहे का हे आधी विचारा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- स्टिअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, ट्रॅक रॉड, ब्रेकची कोणतीही दांडी. इथे स्वतः फक्त बघायचं, खोलायचं नाही.
- निमुळत्या एक्सलवरचा हब सैल असेल किंवा चावी तुटल्याची शंका असेल.
- बिग-एंड, मेन बेअरिंग, फ्लायव्हील, प्रोपेलर शाफ्ट.
- अॅल्युमिनियमच्या क्रँककेसमधून स्टड आट्यांसकट वर आला असेल. तिथे स्वतः मोठा टॅप मारलात, तर पुढच्या दुरुस्तीला जागा उरत नाही.
- बोल्टच्या भोकापासून निघालेली केसासारखी रेघ. रंग खरवडूनही ती दिसत असेल तर तो तडा आहे. चासिसला वेल्डिंग करायचं की पट्टी जोडायची, हे जुनं पोलाद ओळखणाऱ्यानेच ठरवावं.
- नवा, नीट आवळलेला बोल्ट पुन्हा तुटला. तिसरा बोल्ट आणायला जाऊ नका.

जाणकाराकडे जाताना काढलेला प्रत्येक नट, वॉशर आणि तुटलेला तुकडा, कुठला ते चिठ्ठीवर लिहून, वेगवेगळ्या पिशवीत न्या. धुऊन, चकचकीत करून नेऊ नका. ती विटकरी पूड आणि वॉशरवरचा घासलेला डाग त्याला हवा असतो.